ती आगळ, ते आगळ

सर पाखाडी चढायला लागले की आळीतली कुत्री उठून त्यांच्या मागे चालू लागत. सरांच्या कापडी पिशवीत बोकडाचं मुंडकं असायचं. दुसरा कोणी असता तर त्याने दगड उचलला असता. सर पायरीवर थांबून, मागे वळून कुत्र्यांना समजावत, "अरे, हे खायचं नाही. मीही खात नाही. हिच्यासाठी नेतोय."

ही म्हणजे त्यांची बायको. तीही खात नसे. त्या घरात कधी अंडंसुद्धा फुटलं नाही.

बंदरावरून वर येणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांना आम्ही पाखाडी म्हणतो. तिच्या एका अंगाला आमची तीन घरं. खालचं माझं, मधलं सुलभाचं, वरचं सरांचं. माझा नवरा ट्रॉलरवर होता आणि मी बंदरावरून मासळी उचलून घरोघर विकत असे. सुलभाचा नवरा मुंबईला कंपनीत, ती इथे एकटी. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे देशावरचे, सातारच्या बाजूचे. वहिनी मात्र अंजनवेलच्या, आमच्याच किनाऱ्याच्या. ही गोष्ट ऐंशीच्या पुढच्या वर्षांतली. तेव्हा बंदरावर बर्फाचा कारखाना होता आणि वीज सारखी जायची, एवढं मला पक्कं आठवतं.

सर उंच होते, वाळलेले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. रस्त्याने चालताना भिंतीला हात लावून चालायचे. डोळे चांगले होते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भिंत कुठे सोडते ते बघतोय." कोणाला काहीही सांगितलं की शेवटी विचारायचे, "निरोप पोचला का?" दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगितलं तरी, "निरोप पोचला का?" आळीतल्या पोरांनी ते उचललं होतं. सर दिसले की मागून ओरडायची, "निरोप पोचला का?" सर वळून म्हणायचे, "पोचला."

खाटकाच्या दुकानात सकाळी पहिलं गिऱ्हाईक सर. मी मासळीची पाटी घेऊन त्या रस्त्याने जायची, त्यामुळे त्या दोघांचं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

"चाचा, कोयता घालू नका. अख्खं द्या."

"मास्तर, रोज भेजा नेतो, खात नाय म्हणतो. मग करतो काय?"

"त्यातल्या बारीक शिरा काढून घेतो."

"आणि भेजा?"

"टाकून देतो."

चाचाने मुंडकं कागदात गुंडाळत दुकानातल्या लोकांकडे बघितलं. "बघा रे. नारळ फोडतो, खोबरं टाकतो नि शेंडी घरी नेतो."

सर सगळ्यांच्या आधी हसले. म्हणाले, "बरोबर सांगितलंत." त्यांना चिडवण्यात काही मजा नव्हती.

मुंडकं ताजं हवं आणि बर्फात हवं, म्हणून त्यांची माझी ओळख झाली. मी मासळीसाठी कारखान्यातून बर्फ आणायची, त्यातला एक तुकडा वर द्यायची. त्यांच्या मागच्या पडवीत एक टेबल, काचेच्या नळ्या आणि एक सूक्ष्मदर्शक होता. मेंदू काढून त्यावरची साय सोलायची, वरचा करडा भाग बारीक चिरायचा, काचेच्या नळीत काचेच्या दांड्याने घोटायचा आणि ते मऊ भातासारखं पांढरं आटवल कापडातून गाळायचं. मेंदू खाली जातो, शिरा कापडावर राहतात. ऐकायला सोपं आहे. पण कापड मिळेना. सुती कापडाला लव असते, शिरा तिच्यात अडकून बसतात. म्हणून सरांनी पहिल्याच वर्षी आळीत घरोघर जाऊन बायकांकडे जुन्या नायलॉनच्या साड्या मागितल्या.

काय बोभाटा झाला ते मी सांगत नाही. माझा नवरा म्हणाला, "मास्तरला समज दे, नायतर पोरं मारतील." मी वर गेले.

"सर, बायकांच्या साड्या कशाला मागताव? लोक काय बोलतात ठाऊक हाय?"

"काय बोलतात?"

"ते मी माझ्या तोंडाने बोलणार नाय."

"ताई, मला फक्त वीण बघायची आहे. भोक सारखं हवं. शीर अडकली पाहिजे, बाकीचं गेलं पाहिजे. तुमचं जाळं असतं ना, तसंच."

एवढ्यात वहिनी आतून आल्या. हातात जांभळी नायलॉनची साडी, पिवळी फुलं असलेली. पदराकडून दाताने फाडली आणि हातभर तुकडा सरांपुढे धरला. "ही घ्या. लग्नानंतर तुम्ही आणलेली पहिली. आता मी कुठे नेसतेय." नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना दुसऱ्यांच्या दारात पाठवू नका हो. तिकडे चहा प्यायला लागतात आणि मला घरी बसून राहावं लागतं."

तो तुकडा सरांनी भरतकामाच्या गोल रिंगेत ताणला. त्याच साडीची वीण जमली. पुढे सगळी वर्षं त्यांनी त्याच साडीचे तुकडे वापरले.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. लालसर बारीक तंतू, त्यांना फांद्या, फांद्यांना फांद्या. मला त्यात काही सुंदर वाटलं नाही. गाळात अडकलेल्या जाळ्याचा गुंता असतो तसं दिसलं. मी विचारलं, "ह्याचं पुढे काय?"

सरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मी चौथी शिकलेली आहे. अंगातल्या दुसऱ्या शिरा थोड्या गळक्या असतात, मेंदूतल्या बारीक शिरा घट्ट. त्यांना आतून पेशींचं एक अस्तर असतं, फरशी बसवावी तसं, फटी बुजवलेलं. रक्तातलं काही सहजासहजी पलीकडे जात नाही. आणि शरीर तर सारखे निरोप धाडत असतं. ते निरोपे म्हणजे संप्रेरकं, रक्तातून फिरणारी. इन्सुलिन हा त्यातला एक. बाहेर एका देशात कोणीतरी दाखवलं होतं की मेंदूतल्या शिरांच्या अस्तरावर इन्सुलिनसाठी ठरलेल्या जागा असतात. तो तिथे येऊन बसला की पेशी त्याला ओळखते आणि आत घेते. दुसऱ्याला घेत नाही.

"म्हणजे दाराला कडी," मी म्हटलं.

"कडी बाहेरून कोणीही काढतं. ही आगळ. आतून लावलेली. निरोप्याची ओळख पटली की निघते."

मी हसले. "आगळ आमच्याकडे बरणीत असतं, सर." कोकमाच्या पिकल्या फळांना आम्ही रातांबे म्हणतो. ते फोडून मीठ लावून ठेवले की जो लाल आंबट रस सुटतो, ते आगळ. दाराला आडवं लाकूड लावतात त्याला आमच्या आळीत अडसर म्हणतात. सरांच्या गावाकडे त्यालाच आगळ म्हणत. सरांच्या दाराला तसं फणसाचं लाकूड होतंही.

सरांना फार गंमत वाटली. "वा! दाराची आगळ, कोकमाची आगळ."

"कोकमाचं आगळ," मी म्हटलं. "ते आगळ."

"ती आगळ."

"तुमच्या दाराची ती असेल. बरणीतलं ते."

"ताई, शब्द एक आहे. ती."

देशावरची माणसं अशीच. आमच्या कोकमाचं लिंगही तेच ठरवणार. हा वाद पुढे कितीतरी वेळा झाला. सरांनी कधी मान्य केलं नाही.

वहिनींना साखरेचा आजार होता, तरुणपणापासूनचा. सुईशिवाय चालत नसे. सर सकाळ-संध्याकाळ छोट्या पातेल्यात काचेची पिचकारी उकळायचे. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली पाण्याच्या मडक्यात असायची. वहिनी दंड पुढे करायच्या आणि तोंड फिरवून माझ्याशी बोलत राहायच्या, आज पापलेट काय भावाने गेलं वगैरे. त्यांना खायचं नसे, पण भाव विचारायच्या. मला बाई आवडायची. फुकटची माया लावत नसे.

मग त्या विसरायला लागल्या. आधी चुलीवरचं दूध, मग माझं नाव. एक दिवस माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझी जांभळी साडी दे."

"कुठली गो वहिनी?"

"फुलांची. तू घेऊन गेलीस. मासळी विकणारीच्या घरात नायलॉनची साडी कशाला लागते?"

सर मागून धावत आले, त्यांना हाताला धरून नेलं. जाताना वहिनी सरांना म्हणाल्या, "डॉक्टर, आमचे हे आले की त्यांना सांगा, ही बाई चोर आहे." सर म्हणाले, "सांगतो." "कधी यायचे ते?" "येतील. संध्याकाळी."

त्यानंतर सर पुष्कळदा डॉक्टरच असत. कधी नवरा असत. सुईच्या वेळी डॉक्टर झाले तर फार कठीण. "तुम्ही कोण मला टोचणारे?" हे ओरडणं माझ्या घरापर्यंत यायचं.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू म्हातारा झाला. बाईचं वय पन्नासही नव्हतं. सरांना ते पटलं नाही. एका सकाळी बर्फ घेताना माझ्याशी बोलले. बर्फ हातात वितळत होता तरी बोलत राहिले.

"ताई, मी दंडात टोचतो. साखर उतरते. म्हणजे अंगाला निरोप पोचतो. डोक्याला पोचतो का? तिथल्या आगळी निघतात का? हे कोणीच मला सांगत नाही."

"नाय पोचला तर काय करणार? दुसरं डोकं आणणार?"

मी हे असंच बोलले. सर रागावले नाहीत.

"निदान कळेल, ती मुद्दाम विसरत नाही."

"मुद्दाम कोण विसरतं, सर?"

सर उरलेला बर्फ घेऊन वर गेले. मला तेव्हा कळलं की हा माणूस बोकडाच्या डोक्यात काय शोधतोय.

शिरा काढणं इथे जमत होतं. पण त्यावर इन्सुलिन बसतं का हे बघायला खूण केलेलं इन्सुलिन लागतं आणि ती खूण मोजणारं यंत्र. ते मुंबईला सरांच्या एका जुन्या मित्राच्या प्रयोगशाळेत होतं. म्हणून सर डब्यात बर्फ आणि लाकडाचा भुसा भरून शिरा एसटीने पाठवायचे. पहिला डबा पोचला तेव्हा आत कोमट पाणी होतं. दुसरा कंडक्टरने वास येतो म्हणून हातखंब्याला उतरवून ठेवला. तो तिथल्या एका टपरीमागे सापडला, कुत्र्यांनी उघडलेला. सर परत आले आणि पडवीत बसून राहिले. वहिनी त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं कोणी गेलं का?"

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली, तेव्हा सर म्हणाले, आता डबा मांडीवर घेऊन मीच जातो. डॉक्टरांच्या कंपाउंडरला सकाळ-संध्याकाळ येऊन सुई द्यायला सांगितलं. वहिनींचं जेवणखाण सुलभाकडे. मी आरे-वारेच्या बाजूला माहेरी निघाले होते. पावसाआधी घरावरची कौलं परतायची होती आणि भाऊ एकटा होता. मी असते तर काही वेगळं घडलं असतं असं आळीतले म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी दिवसभर बाजारात असते.

पुढचं मला सुलभाने सांगितलं, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी एकच सांगितलं. म्हणून मी ते खरं धरते.

सर डबा घेऊन निघाले, एसटीची वेळ झाली होती. सुलभा पायरीवर उभी होती. ती स्वभावाने चांगली बाई. कोणासाठी काही करायला मिळालं की तिला बरं वाटायचं.

"सर, वहिनींना बरं वाटायला मी काय करू? सांगा ना काहीतरी."

सर पायऱ्या उतरत म्हणाले, "काय करणार? तिची आगळ कोणीतरी काढायला हवी. तेवढं झालं की सगळं सुटेल. निरोप पोचला का?"

"पोचला, सर," सुलभा म्हणाली.

रातांब्याचे दिवस होते. आगळ काढायचं म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ. सुलभाने त्याच दुपारी टोपलीभर रातांबे आणले, फोडले, मीठ लावून बरणी भरली आणि सकाळपर्यंत वाटीभर रस सुटला. सर 'काढायला हवी' म्हणाले, 'काढायला हवं' नाही म्हणाले, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण सर नेहमी तसंच बोलत. कोकमालाही ती म्हणत. आळीला ते ठाऊक होतं.

सकाळी कंपाउंडर आला तेव्हा वहिनींनी आतून दाराला ते फणसाचं लाकूड लावून घेतलं होतं. "मला टोचायला आलाय, मी उघडणार नाय." तो दार वाजवत राहिला. सुलभा तिच्या अंगणातून म्हणाली, "राहू दे रे भाऊ. सरांनी दवा बदललाय. आगळ द्यायला सांगितलंय, आमच्याच हातचं."

"डॉक्टरांना विचारलं?"

"सर डॉक्टरांना शिकवतील. येवढं डोक्याचं काम करतात ते."

तो गेला. संध्याकाळी आला नाही. सुलभाने हाक मारली तेव्हा वहिनींनी दार उघडलं. सुलभा टोचत नव्हती. तिने पाण्यात आगळ घालून पेला दिला. साखर घातली नाही. हे ती मला प्रत्येक वेळी सांगते, "काकी, साखर नाय घातली गो. मला काय येवढं कळत नाय का?"

वहिनी घटाघटा प्यायल्या आणि आणखी मागितलं. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. सारखी तहान, सारखं मागणं. सुलभाला वाटलं, लागू पडतंय. कधी काही न मागणारी बाई हात पुढे करते आहे. मग वहिनींना उलटी झाली. सुलभाला वाटलं, पित्त पडलं, बरं झालं. मग वहिनी झोपायला लागल्या. इतके दिवस ज्या बाईचा डोळा लागत नव्हता ती शांत झोपली म्हणून सुलभाने तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दार हळूच लोटलं.

मी परत आले त्या सकाळीच सर मुंबईहून आले. मी पाटी धूत होते. पाखाडीच्या खालून आवाज आला, "ताई! सापडल्या! आगळी सापडल्या!" सर दोन दोन पायऱ्या टाकत वर येत होते. त्या दिवशी भिंतीला हात नव्हता. कुत्री उठली, पण पिशवी रिकामी होती. "चिकटतंय, ताई. इन्सुलिन चिकटतंय त्या शिरांना. आपल्या बर्फातून नेलेल्या. मी यंत्रावर बघितलं."

माझ्याआधी सुलभा बाहेर आली. तीही हसत होती.

"सर, मीपण काढलं. दोन बरण्या. वहिनी किती आवडीने पितात."

सर हसले. त्यांना थट्टा वाटली. "काय काढलंत?"

"आगळ. तुम्ही सांगून गेलात ना. सुईपेक्षा कितीतरी बरं. आता शांत झोपल्यात."

सर अजून हसत होते, पण तोंडच तेवढं हसत होतं. म्हणाले, "सुई कोण देतंय?"

"सुई कशाला? तुम्हीच तर..."

सरांना काही समजावून सांगावं लागलं नाही. शब्द त्यांचाच होता. ते माझ्याकडे बघत राहिले, कारण बरणीतलं आगळ त्यांना मीच पहिल्यांदा सांगितलं होतं. मग घरात गेले.

मी मागून गेले. वहिनींचा श्वास जोरात चालला होता, धावून आल्यासारखा, आणि डोळे मिटलेले. खोलीत जास्त पिकलेल्या केळ्यांचा वास. मडक्यात इन्सुलिनची बाटली तशीच. बंदरावरच्या माणसांनी वहिनींना खुर्चीत बसवून पाखाडीवरून खाली नेलं. सर बाजूने चालत होते आणि त्यांच्या कानाशी एकच सांगत होते, "मी आलोय. मी आलोय." निरोप पोचला का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसानंतर ते कोणालाच विचारलं नाही.

वहिनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारल्या. डोळे उघडले नाहीत, त्यामुळे शेवटी सर डॉक्टर होते की नवरा, हे कोणालाच कळलं नाही. सुई कोणी बंद केली असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारल्यावर सर म्हणाले, "माझ्याकडून राहिलं." आळीत ह्याला मोठेपणा म्हणतात. मला वाटतं, आगळीची गोष्ट परक्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

बोकडाची मुंडकी बंद झाली. चाचाने मला विचारलं, "मास्तर रागावला काय आमच्यावर?" कुत्री काही दिवस सरांच्या मागे चालली, मग त्यांनीही सोडलं. मुंबईच्या मित्राने आणखी शिरा मागितल्या, सरांनी पाठवल्या नाहीत. ती जांभळ्या साडीची रिंग त्यांनी माझ्याकडे आणून दिली. म्हणाले, "टाकून द्या." मी कापड चुलीत घातलं. नायलॉन जळताना फार घाण वास येतो. रिंग ठेवली, ती कामाची होती.

त्या दिवशी मी विचारलं. विचारायला नको होतं असं मला वाटत नाही. कोणीतरी विचारायला हवंच होतं.

"मग सर, वहिनींच्या डोक्यात पोचायचं की नाय?"

सरांनी भिंतीला हात लावला.

"बोकडाच्या पोचतं," ते म्हणाले. "तिचं माहीत नाही."

सुलभाने त्या वर्षी दोन्ही बरण्या पाखाडीवरून खाली समुद्रात ओतल्या. घरात कोकम आणणं बंद केलं. सोलकढी केली नाही. सर समोरून आले की आत जायची. सर तिला काही बोलले नाहीत, चांगलंही नाही, वाईटही नाही. नवऱ्याने तिला मुंबईला बोलावलं, ती गेली नाही. म्हणाली, "सर इथे असताना मी कशी जाऊ?" मला त्याचा अर्थ लागला नाही. तिलाही लागला नसेल.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी सर बाजारातून येताना दिसले. पिशवी भरलेली. मला वाटलं, परत मुंडकं. पण कुत्री उठली नव्हती. सर सुलभाच्या दारात उभे राहिले आणि पिशवी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. तोंडाशी लाल रातांबे दिसत होते.

"काढा," सर म्हणाले.

सुलभा दाराला धरून उभी राहिली. "सर, माझ्याने नाय होणार."

"मीठ आहे ना घरात?"

"सर, पाया पडते."

"पाया नको. काढा."

ते तिला माफ करायला आले होते की शिक्षा द्यायला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही. सुलभाने रडत रडत रातांबे फोडले. मी मदतीला बसले. सर रोज येऊन बरणीकडे बघून जात.

रस सुटला तेव्हा सुलभाने पेल्यात आगळ घेतलं, पाणी घालायला लागली तर सरांनी हात आडवा केला. नुसतं आगळ कोणी पीत नाही. मीठ आणि आंबट, घशाला सोलून काढतं. सरांनी तिच्या दारात उभ्याने पेला तोंडाला लावला आणि पुरा रिकामा केला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. पेला तिच्या हातात परत दिला.

"ते आगळ चांगलं झालंय," सर म्हणाले.

ती नाही. ते. मग भिंतीला हात लावत वर गेले.